मोटारीचा दिवा वारंवार का जातो?

दिवा ही वस्तू अशी आहे की ती असेतोवर तिच्याकडे कोणी पाहत नाही आणि ती गेली म्हणजे दुसरे काहीच दिसत नाही. घरातला दिवा गेला तर माणूस भिंत चाचपडत मेणबत्तीपर्यंत पोहोचतो. फार तर वाटेतल्या पाटाची ठेच लागते. परंतु मोटारीचा पुढचा दिवा रात्रीच्या रस्त्यावर गेला, तर चाचपडण्याची पाळी एकट्या चालकावर येत नाही. समोरून येणारा ट्रकवाला, कडेने जाणारा सायकलस्वार, ऊस भरून संथपणे चाललेला ट्रॅक्टर, या सर्वांच्या जिवाशी त्या एवढ्याशा काचेच्या कुपीचा संबंध येतो. असे असूनही ती कुपी निकामी झाली म्हणजे बहुतेक लोक तिच्या जागी दुसरी बसवून मोकळे होतात. पहिली का गेली, हे विचारण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

लखनौ शहराच्या उत्तरेकडे, कुर्सी रस्त्याच्या बाजूला, विकास नगर ही वस्ती पसरलेली आहे. मराठी माणसाला लखनौ काही नवे नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली येथे संगीताचे महाविद्यालय उभे केले. १९५१ साली केंद्रीय औषधी संशोधन संस्था येथे स्थापन झाली. कोणी गाण्यासाठी, कोणी संशोधनासाठी, कोणी रेल्वेच्या वा बँकेच्या नोकरीसाठी या शहरात आले आणि त्यांतले कित्येक येथलेच होऊन गेले. विकास नगरात राहणारे असेच एक मराठी गृहस्थ घ्या. घरी वृद्ध आई, पत्नी आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगी. दाराशी आठ-नऊ वर्षे वापरलेली लहानशी मोटार. या मोटारीचा उजवा दिवा एकाच हिवाळ्यात तीन वेळा गेला. हकीकत तशी साधी आहे; परंतु ती अनेकांच्या घरी घडत असते, म्हणून ती नीट पाहण्यासारखी आहे.

लखनौचा हिवाळा महाराष्ट्रातल्या हिवाळ्यासारखा नसतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत गंगेच्या मैदानावर धुके असे दाटते की सकाळी दहा वाजेपर्यंत समोरचे झाड दिसू नये. संध्याकाळ लवकर होते, दिवे लवकर लागतात, आणि सकाळी निघणाऱ्यालाही ते लावूनच निघावे लागते. उन्हाळ्यात दिवसाकाठी जो दिवा अर्धा तास लागतो, तोच या दिवसांत दोन-दोन, तीन-तीन तास चालू राहतो. तेव्हा हिवाळ्यात दिवे अधिक जातात यात काही अंशी नवल नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गृहस्थांच्या मोटारीचा उजवा दिवा गेला, तेव्हा त्यांनाही ते स्वाभाविकच वाटले. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी एक स्वस्तसा बल्ब आणला आणि दुकानातल्या मुलाने तो दोन मिनिटांत बसवून दिला. नाताळ संपते न संपते तोच तोही गेला. स्वस्त माल म्हणून त्यांनी स्वतःलाच दोष दिला आणि या खेपेस चांगला नावाजलेला, दुप्पट किमतीचा बल्ब घेतला. कचेरीत अर्जाला पोच दिली म्हणजे तक्रारीचा निकाल लागला असे मानण्याची जी रीत आहे, तिच्यासारखाच हा प्रकार होता. कागद फायलीत गेला. तक्रार जागच्या जागी राहिली.

संक्रांतीच्या संध्याकाळी हे कुटुंब तिळगूळ घेऊन शहराबाहेर, कुर्सी रस्त्यावरच राहणाऱ्या एका स्नेह्यांकडे गेले होते. परतताना रात्रीचे दहा वाजले. धुके उतरू लागले होते. वाटेत तो महागडा बल्बही गेला. एका दिव्यावर मोटार हळूहळू चालली होती, इतक्यात समोरून एक ट्रक आला आणि इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्याने मोटार हलली. ट्रक पुढे गेल्यावर बराच वेळ मोटारीत कोणी काही बोलले नाही.

ट्रकवाल्याची चूक होती असे म्हणता येत नाही. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. म्हणून मोटारीचा उजवा दिवा हा रस्त्याच्या मध्याकडचा दिवा होय. समोरून येणाऱ्याला मोटारीची रुंदी कोठे संपते ते तोच सांगतो. तो विझला म्हणजे धुक्यातून केवळ डावा दिवा दिसतो, आणि पाहणाऱ्याची समजूत होते की रस्त्याच्या कडेने एखादी मोटारसायकल येत आहे. मोटारसायकलला जेवढी वाट लागते तेवढी तो सोडतो. मोटारीचा उरलेला भाग मात्र त्याच्या हिशेबात नसलेल्या अंधारात असतो. एका दिव्याची मोटार ही अर्ध्या उजेडाची मोटार असते असे आपण मानतो. वास्तविक समोरच्या माणसाला ती चुकीची माहिती देणारी मोटार असते.

घरी आल्यावर सारा प्रकार आईच्या कानांवर गेला. आईचे बालपण सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात कंदिलाच्या उजेडात गेलेले. त्यांनी शांतपणे विचारले, “अरे, एवढ्यातल्या एवढ्यात हा तिसरा ना?”

“हो, आई.”

“आणि तिन्ही उजव्याच बाजूचे?”

“उजव्याच.”

“डावा एकदाही गेला नाही?”

“नाही. तो जुनाच आहे अजून.”

“मग दोष दिव्याचा कसा रे? आमच्या घरी कंदिलाची काच अशीच तडकायची. एक तडकली, दुसरी आणली, तीही तडकली. तिसरी आणायच्या आधी वडिलांनी वात बघितली. ती एका अंगाने उंच कातरली गेली होती आणि ज्योत काचेच्या एकाच बाजूला चाटत होती. वात सरळ कातरली, त्यानंतर ती काच किती वर्षं टिकली, आठवतही नाही.”

रोग रेड्याला नि औषध पखालीला, अशी आपल्याकडे म्हण आहे. गृहस्थांनी महिनाभर नेमके हेच चालविले होते. आईने विचारलेला प्रश्न मात्र रोगाच्या दिशेने जाणारा होता, आणि मोटारीच्या दिव्यांची विद्या जाणणारा कोणीही मनुष्य पहिला प्रश्न हाच विचारील: दोन्ही दिवे जातात, की एकाच बाजूचा जातो?

या प्रश्नाचे महत्त्व कळण्यासाठी दिव्याच्या पोटात काय चालते ते थोडे पाहिले पाहिजे. मोटारी नव्या होत्या तेव्हा त्यांच्यापुढे कार्बाइडचे दिवे असत. पाण्याचे थेंब कार्बाइडवर पडून निघणारा वायू त्यांत जळे. पुढे विजेचे बल्ब आले. बल्बच्या आत टंगस्टन या धातूची बारीक वेटोळी तार असते. वीज तिच्यातून वाहू लागली की ती सुमारे ३,००० अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि प्रकाश देते. एवढ्या तापमानाला टंगस्टनची हळूहळू वाफ होत राहते. वाफ काचेवर बसून काच काळवंडते, तार झिजत जाते आणि एके दिवशी तुटते. यावर उपाय १९५०च्या दशकाच्या अखेरीस सापडला. कुपीत आयोडीन किंवा ब्रोमीन यांसारख्या हॅलोजन मूलद्रव्याचा अंश घातला, तर उडालेले टंगस्टन काचेवर न बसता त्या वायूशी संयोग पावते आणि तारेच्या जवळ येताच सुटे होऊन पुन्हा तिच्यावरच जमते. या चक्रासाठी कुपी बरीच तापलेली राहावी लागते. म्हणून ती लहान ठेवतात आणि साध्या काचेऐवजी क्वार्ट्‌झची किंवा तशाच उष्णता सोसणाऱ्या काचेची करतात. मोटारींसाठी असा पहिला हॅलोजन बल्ब १९६२ साली युरोपात आला. आपल्याकडील असंख्य मोटारींत आजही जो दिसतो, तो एच-४ जातीचा दोन तारांचा बल्ब १९७१चा. त्यातली एक तार ६० वॅटची, दूरवर उजेड टाकणारी. चालक तिला ‘अप्पर’ म्हणतात. दुसरी ५५ वॅटची, जवळचा रस्ता उजळणारी. तिला ‘डिप्पर’ म्हणतात.

ही तार विजेच्या दाबाबाबत फार हळवी असते. बल्बवर १२ व्होल्ट असे लिहिलेले असते. परंतु इंजिन चालू असताना अल्टरनेटर बॅटरीला भरीत असतो, आणि तेव्हा दाब साधारणपणे साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असतो. बल्ब बनविणारे हे गृहीत धरूनच बनवितात. मात्र ठरलेल्या दाबापेक्षा तो शेकडा ५ने वाढला, तर प्रकाश शेकडा १८च्या आसपास वाढतो आणि बल्बचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते. शेकडा १०ने वाढला, तर आयुष्य एक-तृतीयांशाच्याही खाली जाते. दाब ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर बिघडला की दिवे नेहमीपेक्षा लख्ख दिसू लागतात, मालक खूश होतो, आणि थोड्याच दिवसांत बल्ब जातात. परंतु हा दोष साऱ्या मोटारीचा असतो. वाढलेला दाब डावे-उजवे जाणत नाही. तो दोन्ही दिव्यांना खातो, आणि मागचे व आतले दिवेही सोडीत नाही. एकच बाजू वारंवार जात असेल, तर दोष त्या बाजूच्या घरट्यातच शोधला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ मोटार घेऊन एका वृद्ध मिस्त्रीकडे गेले. मोटारीच्या विजेचे काम करण्यात या मिस्त्रीचे आयुष्य गेलेले. त्याने नवा बल्ब काढला नाही. “पुराना बल्ब कहाँ है, साहब?” असे त्याने विचारले. पहिला टाकून दिला होता. दुसरा मोटारीच्या खणात पडून होता आणि तिसरा अजून जागेवरच होता. मिस्त्रीने दोन्ही बल्ब उजेडात धरून निरखले.

मेलेला बल्ब आपल्या मरणाचे कारण पुष्कळदा सांगून जातो. काच आतून काळपट किंवा चंदेरी झाली असेल आणि तारेच्या तुटक्या टोकांवर वितळलेले मणी दिसत असतील, तर तार अति तापून किंवा वय होऊन गेली असे समजावे. आत पांढरट धुरकट भुकटी दिसली, तर कुपीला कोठेतरी सूक्ष्म तडा जाऊन हवा आत शिरली आणि तापलेले टंगस्टन जळाले. काचेवर एकाच जागी फुगवटा असेल, तर बसविणाऱ्याने काचेला बोट लावले होते. बोटावरचे तेलकट अंश त्या जागी करपतात, ती जागा अधिक तापते आणि दुबळी होते. काच स्वच्छ असून तार आधाराजवळ कोरडी तुटलेली असेल, तर ती धक्क्याने वा थरथरीने तुटली. गृहस्थांच्या दोन्ही बल्बांची काच स्वच्छ होती आणि तार एका टोकाशी तुटलेली होती.

तरीही मिस्त्रीने दाब मोजला. इंजिन थोडे वेगाने चालवून, दिवे लावून, बॅटरीच्या दोन टोकांना त्याने मीटर लावला. काटा १४.२ व्होल्टवर थांबला, म्हणजे रेग्युलेटर निर्दोष होता. हाच आकडा १५च्या घरात गेला असता, तर बल्बला हात लावण्यापूर्वी रेग्युलेटर बदलावा लागला असता. नाहीतर नवा बल्ब म्हणजे आगीत टाकलेले आणखी एक लाकूड. त्यानंतर त्याने उजव्या दिव्याच्या मागची रबरी टोपी काढली. ती एका बाजूला फाटलेली होती आणि आत दमट धूळ जमली होती. तीन पट्ट्यांचा कपलर हिरवट पडून सैल झाला होता. आणि बल्बला जागेवर दाबून धरणारी तारेची चाप एका अंगाने वाकलेली होती. मिस्त्रीने बोटाने हलविताच बल्ब आपल्या बैठकीत डुगडुगला.

तेव्हा गृहस्थांना आठवले. दिवाळीच्या गर्दीत एका स्कूटरने मोटारीच्या उजव्या कोपऱ्याला धक्का दिला होता. बाहेरून काही फुटले नव्हते. कोणीतरी घाईत दिवा उघडून पुन्हा बसविला होता आणि प्रकरण मिटले होते. त्या दिवसापासून रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याचा हादरा सैल बैठकीतून थेट तारेला पोहोचत होता. तापलेली तार मऊ असते. ती हादरे फार काळ सोसू शकत नाही. त्यात सैल कपलरमुळे वीज मधूनच तुटत आणि पुन्हा जुळत असे. थंड तारेचा विरोध तापलेल्या तारेच्या मानाने फारच कमी असतो, त्यामुळे दिवा लागण्याच्या पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट वीज तिच्यातून धावते. दिवा रोज दोन-चारदा लावला तर तार हे सोसते. परंतु प्रत्येक खड्ड्यागणिक तो विझू-पेटू लागला, तर आधीच थरथरीने थकलेल्या तारेवर घाव बसत राहतात.

आणखी एक गोष्ट आठवली आणि ती अधिक बोचणारी होती. गेल्या दोन महिन्यांत समोरून येणारे पुष्कळ चालक त्यांच्यावर ‘अप्पर’ मारीत असत. शहरातल्या लोकांचा उद्धटपणा म्हणून गृहस्थ मनातून चिडत. मिस्त्रीने हसून खुलासा केला. एच-४ बल्बात डिप्परच्या तारेखाली एक इवलीशी धातूची वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडविते. तो अडला नाही, तर आरशाच्या खालच्या भागावर आपटून वर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत, जातो. तार आणि वाटी ठरलेल्या जागी काटेकोर असली तरच हा हिशेब जुळतो. बल्ब बैठकीत तिरका झाला की डिप्परही समोरच्याला आंधळे करतो. लोक उद्धटपणा करीत नव्हते. आम्हांला दिसत नाही, एवढेच ते सांगत होते.

याच ठिकाणी आणखी एका मोहाचा विचार केला पाहिजे. दुसरा बल्ब गेला तेव्हा दुकानदाराने गृहस्थांना “साहब, सौ-नब्बे लगवा लीजिए” असा सल्ला दिला होता. १०० आणि ९० वॅटचा बल्ब ६० आणि ५५ वॅटच्या जागी सहज बसतो, आणि धुक्याने गांजलेल्या माणसाला तो वरदान वाटतो. हिशेब करून पाहावा. १२ व्होल्टवर ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर वीज घेतो. १०० वॅटचा आठाहून अधिक. तारांत आणि कपलरात निर्माण होणारी उष्णता विजेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ती जवळजवळ पावणेतीन पट होते. मोटारीच्या तारा मूळच्या बल्बासाठी आखलेल्या असतात. त्या तापतात, कपलर वितळतो, आरशाचा चंदेरी मुलामा करपतो, आणि काही महिन्यांनी तोच दिवा पूर्वीपेक्षा मंद दिसू लागतो. जो दिवा सैल कपलरामुळे जात होता, त्याला अधिक वॅटचा बल्ब दिला असता तर दोष गेला नसता, वाढलाच असता.

धुक्यात तर अधिक उजेड हा उपायच नव्हे. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे सूक्ष्म थेंब. त्यांच्यावर जोराचा प्रकाश टाकला की तो परतून चालकाच्याच डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. म्हणून धुक्यात अप्पर न लावता डिप्परवर, सावकाश, पुढच्या वाहनापासून लांब राहून चालावे, हेच शहाणपण.

कायद्याची दृष्टीही अशीच आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पुढच्या दिव्याचा झोत खाली वळलेला किंवा चालकाला खाली वळविता येणारा असावा असे सांगितले आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्या माणसाला तो दिपवू नये, अशी त्याची कसोटी आहे. दीड मीटर ही उंची आकड्यांत कोरडी वाटते. परंतु ती बहुधा सायकलवरून घरी परतणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची उंची असते. ज्याच्यापाशी स्वतःचा दिवा क्वचितच असतो, त्याच्या डोळ्यांचा विचार नियमाने केला आहे. मोटारीच्या मालकाने तो करू नये हे बरे नव्हे.

मग बल्ब निवडावा कसा? प्रथम मोटारीच्या पुस्तकात लिहिलेली जात पाहावी. एच-४, एच-७, एच-१ या प्रत्येकाची बैठक निराळी असते, आणि एकीच्या जागी दुसरी ठोकूनठाकून बसविणे हे सैल दिव्याला आमंत्रण होय. वॅट तेवढेच असावेत. खोक्यावर आणि बल्बच्या बुडावर मान्यतेची खूण असावी; युरोपीय मान्यता असलेल्या बल्बावर वर्तुळात ई हे रोमन अक्षर आणि शेजारी आकडा असतो. ‘अधिक प्रकाश’ असे मिरविणारे बल्ब समान वॅटमध्ये तार अधिक तापवून तो प्रकाश मिळवितात, म्हणून ते बहुधा लवकर जातात. ‘दीर्घायुषी’ बल्बात उजेड थोडा कमी आणि आयुष्य जास्त असते. ज्याला रोज तासन्‌तास दिवे लावावे लागतात, त्याने हा दुसरा प्रकार घ्यावा. दुचाकीवाल्यांनाही हे लागू आहे. १ एप्रिल २०१७पासून नव्या दुचाक्यांचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि दिवसाही चालू राहतो. निळसर रंग चढविलेल्या काचेच्या मागे लागू नये; तो रंग प्रकाशाचाच काही भाग गिळतो. हॅलोजनच्या घरात एलईडीचा बल्ब कोंबण्याची हल्ली हौस दिसते. मूळचाच एलईडी दिवा असलेली मोटार निराळी. तिचा आरसा आणि भिंग त्याच्यासाठी घडविलेले असतात. हॅलोजनच्या आरशात परका प्रकाशबिंदू आला की झोत विस्कटतो आणि पुन्हा त्या सायकलस्वाराचेच डोळे दिपतात.

बल्ब बदलण्याचे काम स्वच्छ हातांचे आणि दहा मिनिटांचे आहे. दिवे व इंजिन बंद करून बल्ब थंड होऊ द्यावा. बॉनेट उघडून कपलर सरळ मागे ओढावा. तारांना हिसका देऊ नये. रबरी टोपी काढावी, चाप सोडवावी आणि बल्ब बाहेर घ्यावा. नवा बल्ब धातूच्या बुडाला धरूनच उचलावा. काचेला बोट लागलेच, तर स्पिरिटमध्ये भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने ती पुसून वाळू द्यावी. एच-४च्या बुडाला तीन कान असतात आणि ते एकाच प्रकारे बसतात. ते खोबणीत नीट गेले की चाप लावावी आणि बल्ब हलत नाही ना हे पाहावे. टोपी चारी बाजूंनी घट्ट बसवावी, कारण तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंबही घातक ठरतो. शेवटी मोटार सपाट जागी भिंतीसमोर सात-आठ मीटरवर उभी करून डिप्पर लावावा. दोन्ही झोतांच्या वरच्या कडा सारख्या उंचीवर, दिव्याच्या उंचीहून किंचित खाली दिसाव्यात. आपल्याकडच्या दिव्यांत ही कड डाव्या बाजूला थोडी वर चढते, ती पादचाऱ्यांची कड उजळण्यासाठी. हे न पाहता बॉनेट लावून टाकले, तर काम अर्धेच झाले असे समजावे. दोन्ही बल्ब एकाच वयाचे असून एक वयोमानाने गेला असेल, तर दुसराही बदलावा; आणि चांगला असलेला जुना बल्ब अडीअडचणीसाठी मोटारीत ठेवावा.

विकास नगरच्या त्या मोटारीला मिस्त्रीने नवा कपलर, नवी टोपी आणि सरळ केलेली चाप दिली. बल्ब मात्र साधाच, ६० आणि ५५ वॅटचा बसविला. एकूण खर्च त्या तिसऱ्या बल्बाच्या किमतीहून फारसा अधिक झाला नाही. पुढच्या धुक्यात गृहस्थ रात्री घरी परतत तेव्हा समोरच्यांनी त्यांच्यावर अप्पर मारणे थांबविले होते.

आषाढी अमावास्येला मराठी घरात दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात आणि त्यांची पूजा करतात. दिव्यांची अवस म्हणून ती ओळखली जाते. पावसाळी अंधाराच्या तोंडाशी घरातला प्रत्येक दिवा एकदा हाताखालून जावा, कोठे वात संपली आहे, कोठे काच तडकली आहे, हे वेळीच दिसावे, असा व्यवहारही त्या पूजेत आहे. त्या वर्षी विकास नगरात आईंनी समई, निरांजने आणि गावाकडून आणलेला तो जुना कंदील चिंचेने नि रांगोळीने घासून पाटावर मांडला. मुलगी फडके घेऊन बाहेर गेली आणि मोटारीच्या दोन्ही दिव्यांच्या काचा तिने पुसल्या. गृहस्थांनी बॉनेट उघडून उजव्या बाजूची रबरी टोपी चाचपून पाहिली. ती घट्ट होती, आणि आतला बल्ब संक्रांतीनंतर बसविलेलाच होता.